आईचीच दृष्ट

आमच्या स्वयंपाकघरात कुठलीच वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात सरळ जात नसे. आईचा नियम मीठ आणि मिरचीचा होता: हातावर दिलं की भांडण होतं. शेजारच्या नेरमिन तेझेचा नियम कात्री, सुरी आणि साबणाचा होता, आणि कारण तेच. दोघी मिळून स्वयंपाक करायला लागल्यापासून या दोन याद्या एक झाल्या. मी म्हणायचे, "आई, सुरी दे गं," की आई ती ओट्यावर ठेवायची आणि मी ती उचलायचे. या सवयीने मला कुठवर नेलं ते सांगते. शाळेतल्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये माझ्या पार्टनरने चिमटा मागितला तरी मी तो टेबलावर ठेवायचे. ती बिचारी महिनाभर समजत राहिली की मला तिचा हात लागलेला चालत नाही. शेवटी तिने दुसरी पार्टनर मागून घेतली. मला कारण सांगता आलं नाही, कारण ते सांगायला लागले असते तर अख्खा वर्ग हसला असता.

आम्ही तेव्हा मिशिगनमधल्या ट्रॉयला राहायचो. बाबा गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर. त्या वस्तीत मराठी घरं मोजकीच आणि तीही लांब लांब, गाडीशिवाय कुठे जाणं नाही, आणि आईला गाडी येत नव्हती. तिचे दिवस खिडकीपाशी जायचे. पलीकडच्या घरात नेरमिन तेझे आणि तिचा नवरा ओरहान राहायला आले, तेव्हा आईने पहिल्यांदा काय पाहिलं असेल तर त्यांच्या दाराला टांगलेला निळ्या काचेचा मणी. पांढरं बुबुळ, मधे काळा ठिपका, दारातून कुणीतरी टक लावून बघतंय असा. आमच्या गॅरेजला बाबांच्या नाकावर टिच्चून आईने लिंबू-मिरची लावलेली होतीच. एका सकाळी तेझे आमच्या ड्राइव्हवेवर येऊन उभी राहिली, लिंबाकडे बोट केलं, मग आपल्या दाराकडे बोट केलं आणि हसली. दोघींना मिळून त्या वेळी इंग्रजीची पन्नास वाक्यं धड येत नसतील. पण त्या दिवसापासून त्यांचं जे मेतकूट जमलं ते जमलंच. तुर्की भाषेत मावशीला तेझे म्हणतात, म्हणून मी तिला तेझे म्हणायचे. ती आईला अब्ला म्हणायची, म्हणजे ताई. बाबा म्हणाले, "आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास."

शाळेतून घरी आले की घरात कॉफीचा वास असायचा. तेझे लांब दांड्याच्या छोट्या पितळी भांड्यात कॉफी चढवायची आणि फेस वर आला की उतरवायची, पुन्हा चढवायची. आई तिच्यासाठी थालीपीठ लावायची, ती आईसाठी बोरेक आणायची, म्हणजे पातळ पापुद्र्यांत पालक भरून भाजलेला पदार्थ. ते थालीपीठ तेझे दह्यात बुडवून खायची आणि प्रत्येक घासाला मान हलवायची. कॉफी संपली की कप बशीवर उपडा घालायचा, गार व्हायला ठेवायचा, मग तेझे तो उचलून आतला गाळ बघत भविष्य सांगायची. पक्षी दिसला की बातमी, मासा दिसला की लाभ, आणि काळा डाग दिसला की ती नुसतंच "हं" म्हणायची आणि आईचा चेहरा उतरायचा. "तू मानतेस हे सगळं?" असं मी तिला एकदा विचारलं, तर म्हणाली, आमच्याकडे म्हणतात, कपावर विश्वास ठेवू नको, पण कपाशिवाय राहूही नको. (तिचं इंग्रजी मोडकंतोडकं होतं. इथे मी ते मराठीत लिहितेय, त्यामुळे ते आपोआपच सुधारलं आहे.) ती गोष्टीही सांगायची. त्यांची सुरुवात नेहमी "एक होतं, एक नव्हतं" अशी, आणि पुढे पऱ्या, सात डोक्यांचे राक्षस, बाळंतिणीचं काळीज पळवणारी लाल बाई. जिन्नांचं नाव ती कधी घ्यायची नाही. "तीन अक्षरवाले" म्हणायची, नाव घेतलं तर येतात म्हणून. हे ऐकून आईला एवढा आनंद झाला की तिने मला मधे बसवून भाषांतर करायला लावलं. आमच्याकडे रात्री सापाला साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात, हे तेझेला कळलंच पाहिजे होतं. मी होमवर्क बाजूला ठेवून जनावराचं भाषांतर करत बसले.

घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते खरं, पण दोन चुली एकाच घरात पेटल्या म्हणजे काय होतं ते आम्ही भोगत होतो. रात्री नखं कापायची नाहीत, हे दोघींचं एक. झोपलेल्याला ओलांडायचं नाही, उंची खुंटते, हेही एक. बूट उपडा पडला तर आईच्या मते घरात भांडण, तेझेच्या मते घरात मरण. मग तडजोड म्हणून जास्त वाईट ते धरून चालायचं. संध्याकाळी च्युइंगगम खायचं नाही, कारण ते मेलेल्याचं मांस चघळल्यासारखं असतं. हे तेझेचं. निघताना "जाते" म्हणायचं नाही, "येते" म्हणायचं, हे आईचं. मी "येते" म्हणून स्कूलबसकडे पळाले की मागून तेझे भांडंभर पाणी ओतायची, पाण्यासारखी जा आणि पाण्यासारखी परत ये म्हणून. मिशिगनच्या हिवाळ्यात ओतलेल्या पाण्याचं पाच मिनिटांत काय होतं ते सांगायला नको. बाबा ऑफिसला निघताना त्याच बर्फावरून घसरले आणि मनगट मोडून घेतलं. त्यावर तेझेने काय म्हणावं? पाणी ओतलं म्हणून मनगटावर निभावलं.

सगळ्यात जास्त वैताग दृष्टीचा. आई दर शनिवारी मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या माझ्यावरून उतरवून शेगडीच्या तापलेल्या तारेवर टाकायची. मोहऱ्या तडतडायच्या, खाट उठायचा, छतावरचा स्मोक अलार्म किंचाळायला लागायचा, आणि बाबा हातात वर्तमानपत्र घेऊन त्याला खालून वारा घालत उभे राहायचे. शाळेत फोटो काढायच्या दिवशी माझ्या कानामागे काजळाची तीट असायची आणि कोटाच्या आत तेझेने टाचलेला निळा मणी. आणि या सगळ्याच्या मुळाशी एक नियम होता, जो मला बाकी सगळ्या नियमांपेक्षा जास्त लागायचा. पोरीची स्तुती करायची नाही. गुणपत्रक आणलं की आई ते उलटसुलट बघायची आणि म्हणायची, "बरंय." मैत्रिणींच्या आया फ्रिजवर मुलींची चित्रं चिकटवायच्या, फोनवर दहा जणींना सांगायच्या. आमच्या फ्रिजवर डाळ-तांदळाचं सामान लिहिलेला कागद असायचा. कुणी म्हणालं, किती हुशार आहे हो मेधा, की आई म्हणायची, "कसली हुशार, आळशी आहे एक नंबरची." तेझे लगेच आपली कानाची पाळी ओढायची, लाकडावर टकटक करायची, तीनदा कोरडं थुंकायची, आणि वर माझ्या गालाला हात लावून म्हणायची, "अग्ली. माय अग्ली गर्ल." हे प्रेम आहे हे मला माहीत होतं. पण सतरा वर्षांच्या मुलीला माहीत असणं आणि पुरणं या दोन गोष्टी वेगळ्या असतात. मला एकदा तरी, एकाच्या तरी तोंडून, सरळ चांगलं ऐकायचं होतं.

आता या वयात मी त्या दोघींवर एवढी चिडत नाही. मधे एका लायब्ररीत तुर्की लोककथांचं जाडजूड पुस्तक सापडलं. त्यात एक राजा आपल्या मुलाला कुणाची नजर पडू नये म्हणून काचेच्या महालात वाढवतो. मी तिथेच उभ्याने ती गोष्ट वाचली आणि मला पुन्हा तोच जुना वैताग आला. काचेच्या महालात ठेवलं तर मुलगा उलट सगळ्यांना दिसणार नाही का, हे त्या राजाला कुणी कसं विचारलं नाही? म्हणजे अजून थोडी चिडतेच.

कॉलेजचा प्रश्न आला तेव्हा बाबांनी अट घातली. पूर्वेकडचं एक मोठं, नावाजलेलं विद्यापीठ होतं. तिथे प्रवेश मिळाला तर जा, म्हणाले, नाहीतर घरी राहून इथल्याच कॉलेजला जायचं. मला घराबाहेर पडायचं होतं. हे आईबाबांवरच्या रागाने नव्हतं. ज्या खोलीत कुणी माझ्यावरून काही उतरवणार नाही अशी एक खोली मला हवी होती, एवढंच. त्या विद्यापीठाची पद्धत अशी होती की जवळपास राहणारे कुणीतरी जुने विद्यार्थी मुलाखत घ्यायचे. माझ्या वाट्याला मिसेस वॉलेस आल्या. पांढरे केस, मोत्यांची माळ, फार सभ्य. त्यांनी फोनवर विचारलं, तुमच्या घरीच आले तर चालेल का, मला मुलांना त्यांच्या घरात बघायला आवडतं. मी हो म्हणाले. मी हो का म्हटलं याचं मला अजून नवल वाटतं.

आईने बेसनाचे लाडू केले, चिवडा केला. तेझे बोरेक घेऊन आली आणि परत गेली नाही. कोचाच्या कडेला मांडीवर हात ठेवून बसली, मुलगी बघायला पाहुणे येतात तेव्हा वधूची मावशी बसते तशी. मुलाखत चांगली चालली होती. मी काय वाचते, सायन्सच्या प्रोजेक्टमध्ये काय केलं, सगळं नीट बोलले. मिसेस वॉलेस खूश दिसत होत्या. वही मिटता मिटता त्या आईकडे वळून म्हणाल्या, तुमची मुलगी किती तेजस्वी आहे, तुम्हाला फार अभिमान वाटत असेल.

आई घाबरली. मला तिचा चेहरा दिसत होता. "नो, नो," ती म्हणाली, "शी इज नथिंग. व्हेरी लेझी."

मिसेस वॉलेसना वाटलं नम्रपणा आहे. त्या हसल्या. "पण किती गोड मुलगी आहे."

"अग्ली," तेझे ठामपणे म्हणाली. आणि तीनदा थुंकली.

"ऑल्वेज सिक," आई म्हणाली. "विंटरमध्ये कफ, समरमध्ये अ‍ॅलर्जी. स्टडी बिलकुल नाही. नो स्टडी."

मिसेस वॉलेसनी मिटलेली वही पुन्हा उघडली. "आई, प्लीज स्टॉप," मी म्हणाले. "तू गप्प बस, तुला कळत नाही," आई मराठीत म्हणाली. तेझे लाकडावर टकटक करायला कोचाचा पाय शोधत वाकली होती. मी मिसेस वॉलेसना सांगायला लागले की यांना तसं म्हणायचं नाही, आमच्याकडे आणि यांच्याकडे असं मानतात की मुलाची स्तुती केली की वाईट नजर लागते, म्हणून या मुद्दाम वाईट बोलतात, जेवढं जास्त वाईट तेवढं जास्त प्रेम. मी जसजशी बोलत होते तसतसं ते मलाच जास्त जास्त वेडगळ वाटत होतं. "हाऊ इंटरेस्टिंग," मिसेस वॉलेस म्हणाल्या. मग त्यांनी पेन खाली ठेवलं, आईकडे पाहिलं आणि अगदी हळू, स्पष्ट विचारलं, "मग खरं सांगा ना. तुम्हाला तुमच्या मुलीबद्दल खरंच काय वाटतं?"

मी आईकडे वळले आणि माझा तोल गेला. "सांग ना," मी म्हणाले, मराठीत, आवाज चढवून, परक्या बाईसमोर. "एकदा तरी काहीतरी चांगलं सांग माझ्याबद्दल. एकदा. तुझ्यामुळे माझं सगळं जाणार आहे."

आईने नजर लाडवांच्या ताटाकडे वळवली. मग तिने बोलायला सुरुवात केली, त्या मोडक्या इंग्रजीत, ताटावरची नजर न काढता. म्हणाली, मी या देशात आले तेव्हा मला दुकानात जायची भीती वाटायची, ही एवढीशी होती, ही माझ्या पुढे उभी राहून माझ्याऐवजी बोलायची. माझं ऑपरेशन झालं तेव्हा हिने स्वयंपाक केला, पोळ्या नकाशासारख्या व्हायच्या, पण रोज केल्या. शाळेत हिच्या डब्याला मुलं हसतात, मला सांगत नाही, पण मला ठाऊक आहे, आणि तरी ही डबा नेते, मला वाईट वाटू नये म्हणून. "शी इज गुड," आई म्हणाली. "व्हेरी, व्हेरी गुड. बेटर दॅन मी." आणि मग आपण काय बोलून गेलो हे कळल्यासारखं तिने पदर तोंडाशी नेला. आई बोलत होती तेवढा वेळ तेझे प्रत्येक वाक्याला "माशाल्ला, माशाल्ला" म्हणत टेबल बडवत होती. चांगलं बोललं की नजर लागू नये म्हणून त्यांच्याकडे तसं म्हणतात. बशीतल्या चमच्यांचा आवाज होत होता. मिसेस वॉलेसचे डोळे भरून आले. माझेही आले. डब्याबद्दल तिला सगळं ठाऊक होतं हे मला ठाऊक नव्हतं.

त्या विद्यापीठाने मला नाकारलं. पाकीट हातात घेतलं तेव्हाच ते पातळ लागलं, नकाराला एकच कागद पुरतो. मला कारण माहीत होतं: माझे गणिताचे मार्क त्यांच्या मानाने कमी होते, आणि माझ्यासारख्या मुली त्यांच्याकडे ढिगाने अर्ज करत होत्या. मी तसं आईला सांगितलं. बाबांनीही सांगितलं. आई ऐकून घेत होती आणि ऐकत नव्हती. "सगळ्यात जास्त आईचीच दृष्ट लागते," ती म्हणाली, "मला कळायला हवं होतं. मनापासून बोलले मी. मनापासूनची लागते." मी फक्त डोकं आपटून घ्यायचं बाकी ठेवलं. सतरा वर्षांत एकदा बाईने माझ्याबद्दल चांगलं बोलावं, आणि त्याची शिक्षा म्हणून तिने जेवण सोडावं, खिडकीशी बसून राहावं, माझ्याकडे सरळ बघायलासुद्धा घाबरावं. मी स्वयंपाकघरात आले की ती नजर खाली वळवायची, पुन्हा लागू नये म्हणून.

बाबांची अट असूनही मी पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजलाही अर्ज केला होता, आणि त्यांनी मला घेतलं होतं. चांगलं कॉलेज, पुष्कळ लांब, आणि त्यांना लवकर उत्तर हवं होतं. आई म्हणाली, दृष्ट लागलेल्या पोरीला परमुलखात पाठवायचं नाही, विषय संपला. मी बाबांकडे गेले. ज्या माणसाने आयुष्यभर आईच्या लिंबांना नावं ठेवली, पत्रिका न बघता लग्न केलं हे अभिमानाने सांगितलं, तो माणूस आपली अट विसरल्यासारखा टीव्हीकडे बघत म्हणाला, "माझी काही हरकत नाही. तुझ्या आईची समजूत पटली तर मी स्वतः सोडायला येईन." त्यांनाही मी जायला नको होतं. पण ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय, आणि त्या वेळी आईची अंधश्रद्धा त्यांना सोयीची पडली. मला त्या दिवशी आईपेक्षा बाबांचा राग जास्त आला.

शेवटी मी तेझेच्या दारी गेले. त्या निळ्या मण्याखाली उभी राहिले आणि म्हणाले, "तेझे, माझी दृष्ट काढ."

ती म्हणाली, "तू मानत नाहीस."

"आई मानते ना. तू दृष्ट काढायला शिसं वितळवून पाण्यात ओततेस ना, ते ओत. मीठ-मोहऱ्या तर तिने केव्हाच करून पाहिल्या, तिला पटत नाही उतरली म्हणून. तुझं तिला पटेल."

शिसं ओतायचं काम त्यांच्याकडे कुणालाही करता येत नसे. तिच्या आजीने मरण्याआधी तिचा हात हातात घेऊन तिला परवानगी दिलेली होती, आणि ती ते हसण्यावारी नेणाऱ्यांसाठी करत नसे. "चादरीखाली हसायचं नाही," ती म्हणाली. मी कबूल केलं. दृष्टीवर माझा विश्वास नव्हता, पण माझं कॉलेज आता वितळलेल्या शिशावर अवलंबून होतं. असा प्रसंग कुठल्या अमेरिकन मुलीवर आला असेल?

शनिवारी दुपारी आमच्याच स्वयंपाकघरात बेत ठरला. ओरहान अंकल तलावावर मासे धरायला जायचे. त्यांच्या गळाला लावायचे शिशाचे गोळे तेझे घेऊन आली होती. बाबा म्हणाले, शिशाची वाफ विषारी असते, खिडक्या तरी उघडा, आणि गॅरेजमध्ये निघून गेले. मला खुर्चीवर बसवून डोक्यावरून पांढरी चादर टाकली. आईने चादरीवर पाण्याचं पातेलं धरलं, माझ्या डोक्याच्या वर. पाणी हिंदकळून चादरीवर पडत होतं. तेझे काहीतरी पुटपुटली आणि तिने पळीतलं वितळलेलं शिसं पाण्यात ओतलं. असा चर्र आवाज झाला की मी जागच्या जागी उडाले. मग पोटापाशी, मग पायांपाशी. मी हसले नाही. खरं म्हणजे मला हसू येत नव्हतं. चादरीच्या आत गरम होत होतं, आणि बाहेर आईचा श्वास मला ऐकू येत होता. आता तेझे काय म्हणेल त्यावर या बाईचं जेवण आणि माझं जाणं ठरणार आहे, या विचाराने मला रडावंसं वाटत होतं, रागाने.

चादर काढली. तेझेने पातेल्यातून थिजलेलं शिसं काढून तळहातावर घेतलं. वेडावाकडा तुकडा, मधे भोक. "डोळा," ती म्हणाली. आईने तो बघितला आणि विचारलं, "माझी ना? माय आय?"

तेझेने तुकडा उलटा करून पाहिला, खिडकीकडे धरून पाहिला. मग म्हणाली, "नाही, अब्ला. ही आईची नाही. ही माझी आहे."



"त्या दिवशी मी तोंडाने अग्ली म्हणाले," तेझे म्हणाली, "पण मनात म्हणाले, अल्लाने मला अशी मुलगी का नाही दिली. मनात माशाल्ला म्हणायचं राहिलं. आणि माझे डोळे बघ. निळे. आमच्या गावात निळ्या डोळ्यांची नजर सगळ्यात वाईट धरतात. माझ्या भावाला मुलगा झाला तेव्हा माझी आईच मला म्हणाली, चाळीस दिवस तू येऊ नकोस. तुझी नाही लागली, अब्ला. माझी लागली. आता गेली, बघ, शिशात आली." हे तिने साखरेचा डबा कुठे ठेवलाय हे सांगावं इतक्या साध्या आवाजात सांगितलं.

ती खोटं बोलत होती. मी त्या दिवशी तिथे होते. त्या बाईने माशाल्ला म्हणत टेबल बडवून बडवून बश्या हलवल्या होत्या, आणि तिच्या मनात काही राहिलं असेल यावर मी विश्वास ठेवू शकत नाही. मूल हवं होतं हे मात्र खरं असावं. मला ते त्याआधी कधी सुचलंच नव्हतं. मी तोंड उघडलं, पण तेझेने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी ते मिटलं.

आईने पातेलं खाली ठेवलं. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने माझ्याकडे सरळ, डोळ्यांत डोळे घालून पाहिलं. "त्या कॉलेजला फोन कर," ती म्हणाली. "येते म्हणून सांग त्यांना."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण मी तेझेकडे बघत होते. तिने पळी पुसली, उरलेले गोळे पिशवीत टाकले आणि कोट अंगात घालायला लागली. कुणी तिला जा म्हटलं नव्हतं. अशा वेळी आपण होऊन निघायचं असतं हे तिला बहुतेक फार लहानपणापासून माहीत होतं. मला स्वतःचाच राग आला, तिचा आला, आईचा आला, त्यांच्या दोन्ही गावांचा आला. एका मूर्ख समजुतीपायी एक शहाणी बाई आपल्या अंगावर एवढं ओढून घेते, आणि मला त्यातून माझं कॉलेज मिळतं, आणि मी गप्प बसते.

"नेरमिन," आई म्हणाली, "सिट."

तेझे थांबली. आईने तिला हाताला धरून माझ्याच खुर्चीवर बसवलं. कपाटातून मिठाची बरणी काढली, मोहऱ्या काढल्या, लाल मिरच्या मोडल्या, दोन्ही मुठी भरल्या आणि तिच्या डोक्यावरून, खांद्यांवरून, गुडघ्यांवरून उतरवायला लागली. आल्यागेल्याची, घरच्याची, दारच्याची, असं नेहमीचं पुटपुटत. तेझे कोटाची एक बाही घातलेली, एक तशीच लोंबती, अवघडून बसली होती.

"आई, हे काय करतेस?" मी म्हणाले. माझा धीर खरंच संपला होता. "लावली तिने, असं तीच म्हणतेय. आणि तू तिचीच काढतेस?"

आईचा हात थांबला नाही. "म्हणूनच," ती म्हणाली. "सगळे मेले जन्मभर हिची लागते म्हणत आले. हिची कधी कुणी काढलीय का?"

तेझेने मान वर न करता मला विचारलं, आई काय म्हणाली. मी सांगितलं. तिने डोळे मिटून घेतले आणि आईचं सगळं उतरवून होईपर्यंत उघडले नाहीत.